मींडेची कमान वर, मात्रेची खाली

नागपूर–अमरावती महामार्गावर कारंजा (घाडगे) सोडून पश्चिमेकडे निघालं, की तळेगाव, तिवसा आणि मग मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या खंजिरी भजनांनी या पट्ट्याला गाण्याची जी सवय लावली, ती १९६८ मधल्या त्यांच्या निधनानंतरही सुटलेली नाही. भजनी मंडळांच्या चाली बहुतेक गळ्यात असतात, काही जुन्या वह्यांत असतात, आणि आता त्या संगणकावर उतरवून ठेवाव्यात असं अनेकांना वाटू लागलं आहे. कुणी संगीत शिक्षक असतो, कुणी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी, तर कुणी मंडळातला पेटीवाला. सा रे ग म टंकायला कुणाला फार वेळ लागत नाही. घोडं अडतं ते खुणांपाशी. मींडेची कमान, कोमलाची रेघ, सप्तकाचा बिंदू, कणस्वराचं बारकं अक्षर ही मंडळी पडद्यावर जागेवर बसत नाहीत, आणि बसवली तर टिकत नाहीत. मग माणूस माऊसने कमान ओढतो, डोळ्यांना बरी दिसेपर्यंत इकडेतिकडे सरकवतो आणि काम झालं असं समजतो. माझं म्हणणं असं, की नेमकी हीच पद्धत सोडायला हवी. खूण कुठे दिसते हा दुसरा प्रश्न आहे. ती कोणत्या स्वराची आहे आणि स्वराच्या कोणत्या बाजूला गेली तर तिचा अर्थ काय होतो, हे आधी ठरवायचं, आणि हे ठरलेलं संगणकाला कळेल अशा रीतीने खूण लावायची.

बाजूचं महत्त्व आपल्या लिपीत किती आहे, हे रोज वापरणाऱ्याच्याही पटकन लक्षात येत नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत जी लिपी रूढ केली, तिच्यात खुणा मोजक्याच आहेत आणि त्यांतल्या काहींचे आकार एकसारखे आहेत. स्वरांच्या वर काढलेली कमान म्हणजे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज न तोडता घसरत जायचं. तीच कमान स्वरांच्या खाली आली की ते सगळे स्वर एका मात्रेत म्हणायचे असा अर्थ होतो. वरचा बिंदू म्हणजे तार सप्तक, खालचा म्हणजे मंद्र. आडवी रेघ अक्षराखाली असेल तर स्वर कोमल, उभी रेघ ‘म’च्या डोक्यावर असेल तर तीव्र. म्हणजे ‘ग म’ या दोन अक्षरांवर कमान असेल तर दोन मात्रांमध्ये पसरलेली मींड, आणि खाली असेल तर अर्ध्या अर्ध्या मात्रेचे दोन सुटे स्वर. एकाच आकाराची खूण वरची खाली झाली तर लय आणि लगाव दोन्ही बिघडतात. शिवाय पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या लिपीत मंद्र स्वराला बिंदू वर लागतो आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ येते. भातखंडे पद्धतीची सवय असलेल्या वाचकाने पलुस्कर पद्धतीची वही उघडली तर मंद्रातला धैवत तो तारसप्तकात वाचेल, आणि ‘म’वरची उभी रेघ त्याला तीव्राची वाटेल. म्हणून कुठलीही प्रत करायला घेतली, की पहिल्या ओळीच्या वर ती कोणत्या लिपीत आहे हे लिहून टाका. आणि एकाच पानावर दोन्हींची खिचडी करू नका. मंडळांच्या वह्यांत ती बऱ्याचदा झालेली असते.

आता पाश्चात्त्य स्टाफ लिपीकडे पाहा, कारण बाजारात मिळणारी बहुतेक नोटेशन सॉफ्टवेअरं तिच्यासाठीच तयार झालेली आहेत. तिथे स्लरची कमान वर असली काय आणि खाली असली काय, अर्थ तोच. स्टॅकाटोचा ठिपका नोटेच्या डोक्यावर असो वा पायाशी, नोट तोडूनच वाजवायची. बाजू ठरते ती दांडीवरून. दांडी वर गेलेली असेल तर ठिपका खाली, डोक्याच्या बाजूला. दांडी खाली असेल तर ठिपका वर. कमानीखालच्या सगळ्या नोटांच्या दांड्या वर असतील तर कमान खालून जाते, आणि एक जरी दांडी खाली वळलेली असली तर सहसा वरून. ठिपका आणि टेनुटोची आडवी रेघ डोक्याला सर्वांत जवळ, स्लर त्यांच्या बाहेरून. विरामाची फर्माटा आणि उभ्या टोपासारखा मार्काटो मात्र एकाच आवाजाच्या ओळीत नेहमी वरच. हे नियम इतके पक्के आहेत की ते संगणकाला शिकवता येतात, आणि शिकवलेही आहेत. फुकट मिळणाऱ्या म्यूझस्कोअरमध्ये २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून खुणा एकमेकींवर चढू नयेत म्हणून आपोआप सरकतात. चार नोटा निवडून ‘एस’ दाबलं की स्लर लागतो, दांड्या उलट्या झाल्या की स्लर स्वतःहून पलटतो. स्टाफमध्ये काम करत असाल तर या आपोआप होणाऱ्या जागेत शक्यतो हात घालू नये. बाजू बदलायचीच असेल तर खूण निवडून ‘एक्स’ दाबावं, म्हणजे ती नियमात राहून पलटते. आधी कुणी माऊसने ओढून ठेवली असेल तर ‘कंट्रोल’ आणि ‘आर’ दाबलं की ती मूळ जागी परत जाते.

आपली स्वरलिपी या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला निघालं की हाच गुण दोष होतो. समजा एखाद्याने स्टाफ लपवून नोटांच्या जागी देवनागरी सरगम दिसेल अशी व्यवस्था केली आणि मींडेसाठी स्लर वापरला. वरच्या स्वरांवर कमान वर येईल, कारण तिथे दांड्या खाली आहेत. तीच चाल मध्य सप्तकाच्या पूर्वार्धात उतरली की दांड्या वर होतील आणि कमान खाली पलटेल. दांड्या दिसत नाहीत, त्यामुळे कमान का पलटली हे कळणार नाही. वाचणाऱ्याला मात्र दिसेल की पहिल्या ओळीत मींड आहे आणि दुसऱ्या ओळीत तेच दोन स्वर एका मात्रेत कोंबले आहेत. सॉफ्टवेअरने स्वतःच्या नियमाप्रमाणे बरोबरच केलं, नियम दुसऱ्या लिपीचा होता इतकंच. अशा वेळी एकेक कमान पलटवत बसू नका. सगळ्या कमानी एकदम निवडून त्यांची दिशा ‘वर’ अशी कायमची ठरवून द्या. लिलीपॉन्ड हे नोटेशन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर हे फाइलच्या सुरुवातीला एका आज्ञेत सांगता येतं. मात्रेची खालची कमान स्लरने न काढता वेगळ्या प्रकारच्या रेषेने किंवा अक्षरचिन्हाने काढावी, म्हणजे दोन्ही कमानींची गल्लत फाइलच्या आतही होणार नाही.

पण खरं सांगायचं तर कारंज्यासारख्या गावात स्वरलिपी टंकली जाते ती बहुधा वर्डमध्ये नाहीतर लिबरऑफिसमध्ये, आणि तिथे खुणांची दिशा ठरवून देणारं कुणी नसतं. म्हणून एक उदाहरण जरा जवळून पाहू. भूप रागातली, केहरव्याच्या आठ मात्रांची ही ओळ घ्या: पहिल्या मात्रेवर प, दुसरीवर आडवी रेघ म्हणजे प चालूच, तिसरीवर ग, चौथीवर रे, मग खाली, तिथे पाचवीवर सा, सहावीवर मंद्र ध, सातवीवर सा, आठवीवर पुन्हा रेघ. पंचमावरून गंधारावर मींड आहे, म्हणून कमान पहिल्या मात्रेपासून तिसरीपर्यंत. षड्जावरून मंद्र धैवतावर दुसरी मींड, पाचवीपासून सहावीपर्यंत. वर्डमध्ये ‘आकृती’मधून कमान काढून ती या अक्षरांवर ठेवली की पान सुरेख दिसतं. मग कुणीतरी वर एक ओळ वाढवतं, किंवा अक्षर चौदाचं सोळा करतं, किंवा फाइल दुसऱ्या संगणकावर उघडते जिथे तोच फॉन्ट नाही. अक्षरं सरकतात. कमान पानाच्या मापाला बांधलेली असते, ती तिथेच राहते. एक घर सरकली तरी ती आता रेघेपासून रेपर्यंत दिसते, म्हणजे वाचणारा ग आणि रे जोडून गातो आणि प–ग ही मींड जाते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच आहेत. त्यांना वेगळं करतं ते वादी, अंग आणि कोणता स्वर कोणत्याला कसा जोडला ते. ज्या खुणेवर रागाची ओळख टेकलेली आहे ती अशी पानावर तरंगत ठेवणं परवडणारं नाही.

यावर उपाय साधा आहे, आणि त्यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. तक्ता घाला. केहरव्याला आठ रकाने, दादऱ्याला सहा, तीनतालाला सोळा. एका मात्रेला एक रकाना, कधीही दोन नाहीत. ओळी पाच ठेवा. सर्वांत वर तालाच्या खुणा, समेची फुली, खालीचं शून्य आणि टाळ्यांचे आकडे. तिच्याखाली मींडेसाठी एक बारीक ओळ, मग स्वर, मग मात्रेच्या कमानीसाठी आणखी एक बारीक ओळ, आणि शेवटी शब्द, ओढलेल्या अक्षरांपुढे अवग्रहासह. आता प पासून ग पर्यंतची मींड दाखवायची तर मींडेच्या ओळीतले पहिले तीन रकाने एकत्र करा आणि त्यात कमानीचं अक्षरचिन्ह मधोमध ठेवा. युनिकोडमध्ये वर वाकलेल्या कमानीचं चिन्ह २०४० क्रमांकाला आणि खाली वाकलेल्याचं २०३फ क्रमांकाला आहे (शेवटचं ‘फ’ म्हणजे कळफलकावरचं इंग्रजी ‘एफ’). वर्डमध्ये हा क्रमांक इंग्रजी अंकांत टंकून लगेच ‘ऑल्ट’ आणि ‘एक्स’ दाबलं की चिन्ह उमटतं. ते तीन मात्रांवर पुरेल इतकं रुंद हवं असेल तर फॉन्टच्या प्रगत खिडकीत अक्षराची रुंदी तीनशे टक्के करा. कमान थोडी चपटी दिसेल. दिसू द्या. ती आता अक्षर आहे, तक्त्याच्या घरात राहते, वर ओळ वाढली तर घराबरोबर खाली येते आणि फॉन्ट बदलला तरी प आणि ग यांच्यावरच उभी असते. चित्रातली देखणी कमान आणि घरातली चपटी कमान यांत निवड करायची झाली तर मी दरवेळी चपटी घेईन.

खालच्या ओळीतली मात्रेची कमानही अशीच बसते. इथे कुणी विचारेल, की एका मात्रेला एक रकाना असताना खालची कमान हवीच कशाला. ‘गम’ एका घरात लिहिलं की ते एका मात्रेचं झालंच. तर्क बिनतोड आहे, आणि फक्त मंडळापुरती प्रत असेल तर कमान गाळली तरी बिघडत नाही. परीक्षेसाठी लिहिताना मात्र गाळू नका, आणि तक्त्याच्या रेषा छापताना लपवणार असाल तर मुळीच गाळू नका, कारण रेषा गेल्या की घरही गेलं आणि ‘गम’ला कुणी वाली उरत नाही.

कोमल, तीव्र आणि सप्तकांच्या खुणा अक्षराला चिकटलेल्या असतात, त्यामुळे त्या सोप्या वाटतात. त्यांतच जास्त फसगत होते. कोमल रिषभासाठी ‘रे’ निवडून अधोरेखन केलं, की पानावर ते नेमकं भातखंडे लिपीसारखं दिसतं. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की अधोरेखन गळून पडतं आणि भैरवीचे सगळे स्वर शुद्ध होतात. अधोरेखन ही अक्षराची सजावट आहे, अक्षराचा भाग नव्हे. त्याऐवजी वेदपाठासाठी युनिकोडमध्ये दिलेली अनुदात्ताची खूण, क्रमांक ०९५२, वापरा: रे॒, ग॒, ध॒, नि॒. तीव्र मध्यमासाठी ०९५१ क्रमांकाची उभी रेघ: म॑. या खुणा मजकुराबरोबर प्रवास करतात, शोधल्या तर सापडतात, आणि फॉन्ट बरा असेल तर छापील पुस्तकातल्यासारख्या दिसतात. मंद्र सप्तकासाठी नुक्ता चालतो आणि तार सप्तकासाठी अनुस्वार, हे बहुतेकांना सवयीने माहीत आहे. कळ आहे ती क्रमात. नुक्ता व्यंजनाला लागूनच टंकायचा, स्वरचिन्हाच्या आधी. अनुदात्ताची रेघ मात्र स्वरचिन्हानंतर. म्हणजे मंद्र कोमल निषाद टंकताना न, मग नुक्ता, मग ऱ्हस्व इकार, मग रेघ: ऩि॒. हा क्रम उलटला की बऱ्याच फॉन्टांत अक्षराशेजारी ठिपक्यांचं एक पोरकं वर्तुळ उगवतं. ते दिसलं की फॉन्टला दोष देण्याआधी क्रम तपासा. पलुस्कर लिपीत कोमलासाठी अक्षराखाली हलन्तासारखी खूण येते, आणि तिथे तर संगणक उघड उघड दगा देतो: कोमल ‘ग’ला पाय मोडून पुढे लगेच ‘म’ टंकला की ‘ग्म’ असं जोडाक्षर तयार होतं. स्वरांच्या मध्ये रकान्याची भिंत असेल तर हे टळतं, म्हणून तक्ता तिथे दुप्पट उपयोगी. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत तयार केलेल्या फायली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घेतानाच खुणा तपासाव्या लागतात. रूपांतर करणारी साधनं साध्या मजकुरासाठी असतात, त्यांना कोमल रिषभाशी काही देणंघेणं नसतं.

कणस्वराला मात्र वेगळी जपणूक लागते. भीमपलासात कोमल गंधार मध्यमाला स्पर्श करून येतो आणि कोमल निषाद षड्जाला. हा कण काढला तर काफी अंगाचे सगळे राग एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. कणाचं बारकं अक्षर मुख्य स्वराच्या डाव्या खांद्यावर बसतं. वर्डमध्ये ते ‘वरचे लेखन’ म्हणजे सुपरस्क्रिप्ट करून लिहितात, आणि ते ठीकच आहे, एवढीच अट की कण आणि त्याचा स्वर यांच्यात जागा सोडायची नाही. जागा सुटली की ओळ भरताना संगणक नेमका तिथेच ओळ तोडतो, बारका ‘म’ मागच्या स्वराच्या, समजा पंचमाच्या, उजव्या खांद्यावर राहतो आणि ‘ग॒’ एकटा खाली जातो. उजव्या खांद्यावरचा कण म्हणजे स्वर म्हणून झाल्यावर जाता जाता केलेला स्पर्श. गाणाऱ्याला पंचमावर मध्यमाचा कण दिसेल आणि गंधार कोरडा. स्टाफच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ग्रेस नोट असते. ती पुढच्या नोटेला बांधलेली असल्याने तिथे हा धोका नाही, पण तिला छोटा स्लर लागलेला असेल तर तो आपल्या लिपीत उतरवताना काढून टाका, नाहीतर कणालाही मींड चिकटेल.

यावर जाणकारांचा एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. गळा कागदावरून येत नाही, गुरूकडून येतो. मींड किती सावकाश घ्यायची, गंधार किती उतरवायचा, हे कमान कधीच सांगत नाही. मग तिच्या जागेचा एवढा काथ्याकूट कशाला? पहिली दोन विधानं पूर्ण मान्य. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. लिपी थोडंच सांगू शकते, म्हणूनच ते थोडं तरी चुकता कामा नये. भातखंड्यांनी खुणा मुद्दाम मोजक्या ठेवल्या. दहा खुणांपैकी दोन भलत्या जागी गेल्या तर लिपीचा पाचवा हिस्साच गेला. शिवाय मंडळातल्या म्हाताऱ्या गायकाला कागद लागतच नाही. कागद लागतो तो पुढच्याला, ज्याच्यापाशी दुरुस्त करणारा गुरू रोज नसतो. त्याच्या हाती चुकीची कमान पडली तर ती चूक सांगायला तिथे कुणी नसतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: हाताने सुबक लिहा, फोटो काढा, गटात टाका, संपलं. हाताने लिहिताना कमान जिथे हवी तिथेच पडते, हे खरं आहे. एकाच प्रतीचं काम असेल तर मीही हाच सल्ला देईन. स्वरलिपीत तर संगणकाचा एक मोठा फायदा लागूही पडत नाही. स्टाफमध्ये गायकाची पट्टी बदलली की सगळ्या नोटा बदलतात आणि तिथे सॉफ्टवेअर खरोखर कष्ट वाचवतं. आपल्याकडे काळी दोनऐवजी काळी चार घेतली तरी सा साच राहतो. तरीही चालीत एक जागा दुरुस्त करायची असेल, दुसरं कडवं जोडायचं असेल, एकाच चालीवरची चार भजनं एकाच तक्त्यावर लावायची असतील, तर फोटो निरुपयोगी ठरतो आणि तक्ता वर्षानुवर्षं कामाला येतो. भजनांत एका चालीवर अनेक पदं म्हणायची रीतच असल्याने हा मुद्दा इथे जास्त लागू आहे. स्वरांची ओळ एकदा बिनचूक झाली की शब्दांच्या ओळी खाली हव्या तेवढ्या वाढवता येतात.

आता बँडविषयी थोडं, कारण लग्नातल्या बँडचा क्लॅरिनेटवाला आणि शाळेचं बँड पथक यांना कधी कधी हीच चाल स्टाफमध्ये हवी असते. तिथे कमानीचे अर्थ वाद्यागणिक बदलतात. गायकाच्या ओळीत स्लर म्हणजे एका अक्षरावर अनेक नोटा, जे आपण अवग्रहाने दाखवतो. क्लॅरिनेटला स्लर म्हणजे जीभ न लावता एका फुंकीत, व्हायोलिनला एका गजात. यांपैकी कशातच मींड येत नाही. क्लॅरिनेटवाला स्लर पाहून प आणि ग अखंड वाजवेल, पण मधलं घसरणं त्याने केलंच पाहिजे असं तो कागद म्हणत नाही. म्हणून स्टाफमध्ये मींड हवी असेल तर दोन नोटांमध्ये ग्लिसांडोची सरळ रेघ द्या, तिच्यावर येणारा मजकूर बंद करा, आणि स्लर अक्षरासाठी किंवा फुंकीसाठी मोकळा ठेवा. तसंच, एकाच उंचीच्या दोन नोटा जोडणारी कमान म्हणजे टाय. ती स्लरसारखी दिसते पण स्लर नव्हे. म्यूझस्कोअरमध्ये तिला ‘टी’ची कळ आहे. टायच्या जागी स्लर लावला की संगणक वाजवताना ती नोट पुन्हा उठवतो, आणि कान दिला तर चूक तिथेच सापडते. लांबवलेल्या नोटेवर स्लर संपत असेल तर तो टायच्या शेवटच्या नोटेपर्यंत न्यायचा, पहिलीवर सोडायचा नाही. पेटीवाल्याला मात्र यातलं काहीच करता येत नाही, पेटीवर मींड निघत नाही. तरी त्याच्या प्रतीतून कमान काढू नका. गायक कुठून कुठे घसरतो आहे हे त्याला दिसलं पाहिजे, म्हणजे मधल्या पट्ट्यांवर बोट ठेवून तो मींडेच्या पायऱ्या करणार नाही.

फायली किती काळ टिकतात याचाही विचार खुणा लावतानाच करावा लागतो. जगभर छपाईसाठी वापरलं जाणारं फिनाले हे सॉफ्टवेअर १९८८ पासून चालत होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोकांना वर्षानुवर्षांची कामं म्यूझिकएक्सएमएल या मधल्या रूपातून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी लागली. अशा स्थलांतरात स्वराला बांधलेला स्लर ‘या नोटेपासून त्या नोटेपर्यंत’ असाच पलीकडे जातो. माऊसने चार मिलिमीटर वर ढकललेलं मात्र सहसा पोचत नाही, आणि सुटी रेघ म्हणून काढलेली कमान तर कुणाचीच नसल्याने वाटेत हरवते. तक्त्यातल्या मजकुरालाही हेच लागू आहे: वर्ड उद्या असेल नसेल, युनिकोडचं अक्षर आणि तक्त्याचं घर दुसऱ्या कुठल्याही साधनात उघडेल.

राहता राहिला ओळीच्या टोकाचा प्रश्न. चाल समेवर येताना मींड आठव्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या ओळीतल्या पहिल्या मात्रेवर उतरते, असं वारंवार होतं. तेव्हा कमान दोन तुकड्यांत दाखवायची: वरच्या ओळीच्या शेवटच्या घरात सुरू होऊन उजवीकडे उघडी, आणि खालच्या ओळीच्या पहिल्या घरात डावीकडून उघडी येऊन स्वरावर मिटलेली. स्टाफचं सॉफ्टवेअर हे स्वतःहून करतं. तक्त्यात दोन्ही घरांत वेगवेगळी चिन्हं ठेवावी लागतात आणि एकच ठेवून दुसरं विसरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. त्यावर तोड म्हणजे बंदिश खालीपासून उचलत असेल तर तक्ताही खालीपासूनच सुरू करायचा, समेपासून नाही. मग समेवर येणारी मींड ओळीच्या मधोमध पडते आणि तुटतच नाही. क्रमिक पुस्तकांतल्या अनेक बंदिशी अशाच मांडलेल्या आहेत.

प्रत पाठवताना पीडीएफ पाठवा, मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. स्वरांची अक्षरं सोळा पॉइंटांपेक्षा लहान नकोत, कारण मंडळात ही पानं झेरॉक्सच्या झेरॉक्सवर चालतात. तिसऱ्या प्रतीपर्यंत मंद्राचा बारीक बिंदू पुसला जातो आणि काचेवरचा धुळीचा कण कुठल्यातरी ‘ग’च्या डोक्यावर तार सप्तक होऊन बसतो.